पाहुण्यासमोर मराठी

तंजावूर सोडलं त्या दिवशी माझा निरोप तमिळमध्ये झाला, कारण टॅक्सीवाला दारात उभा होता.

क्षणापूर्वी आई स्वयंपाकघरातून मराठीत माझ्यावर ओरडत होती. सांडग्यांचा डबा वरच्या बॅगेत ठेव, खाली ठेवलास की पीठ होईल, मग तिकडे जाऊन पीठच खा. बॅगा उचलायला तो माणूस आत आला आणि घरातली भाषा जागच्या जागी बदलली. आईचा आवाज खाली आला. "उडंब पात्तुक्को," ती म्हणाली, तब्येत सांभाळ. अप्पांनी पासपोर्ट, तिकीट, चष्म्याची दुसरी जोडी यांची चौकशी तमिळमध्ये केली, मी उत्तरं तमिळमध्ये दिली. ओरत्तनाडूकडचा तो माणूस मला तिरुचीच्या विमानतळावर सोडून जेवायच्या वेळेला घरी पोचण्याच्या घाईत होता. आम्ही काय बोलतो याकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. तरी आम्ही त्याला मान दिला, आणि त्या मानापायी माझी आई मला जे सांगणार होती ते सांगायचं राहिलं.

ही आमच्याकडची रीत आहे. अप्पा लहानपणापासून सांगत आले, "परक्यापुढें आपलें बोलूं नये. त्यास वाटतें, त्याचेंच कांहीं बोलतात." मराठी उंबऱ्याच्या आत, आणि आत कुणी आलं तर तिथेही नाही. वाणी आला, तमिळ. शेजारीण आली, तमिळ. गॅसवाला आला आणि सिलिंडर बसवून जाईपर्यंत सगळं घर तमिळ. तीनशेहून अधिक वर्षं आम्ही या गावात कुणाला अवघडू न देता राहिलो, आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान. मलाही होता. आज मला त्या सभ्यतेचा राग येतो. तो का येतो ते एकदा क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

हे तंजावुरात राहिलेल्यांसाठी आहे, आणि चेन्नई, बंगळुरू, न्यू जर्सी असे पांगलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना देवनागरी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर काही वर्षं सोलापुरात काढली नसती तर मलाही आली नसती. आज मी लिहिते ती सोलापुरात शिकलेली मराठी, बोलते ती आपली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी अंबुजा मावशीकडून वाचून घ्यावं. ती मधूनमधून माझ्या चुका काढील, तेवढ्या सोसाव्या.

मी आता उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात प्रौढ शिक्षणाच्या कॉलेजात काम करते. दिवसा इथे परदेशातून आलेली माणसं इंग्रजी शिकतात, संध्याकाळी इंग्रज माणसं स्पॅनिश नाहीतर इटालियन शिकतात, बहुतेक सुट्टीत हॉटेलात जेवण मागवण्यापुरतं. माझ्याकडे भागीदाऱ्या आहेत. म्हणजे दुसऱ्या देशांतल्या कॉलेजांशी करार, शिक्षकांची देवाणघेवाण, ऑनलाइन वर्ग, पाहणीच्या भेटी. कुणाचा व्हिसा कधी संपतो, कुणाला दाण्याचं वावडं आहे, कुणाच्या घड्याळात आता किती वाजले, हे सगळं माझ्या शीटमध्ये असतं, आणि शीट बरोबर असतं. तंजावुरात असताना मी गावातल्या प्रौढ शिक्षण कॉलेजच्या ऑफिसात हेच करत असे, फक्त तिथे पंखा होता आणि इथे रेडिएटर आहे. तिथे दुपारी फिल्टर कॉफी यायची आणि तिच्याबरोबर कुणाची तरी तक्रार. इथे कॉफी आपली आपण करायची आणि तक्रार ईमेलवर, 'काइंड रिगार्ड्स'सकट.

'भागीदारी' या शब्दावर माझा विश्वास होता. दोघांनी मिळून एखादी गोष्ट करणं, असा त्याचा अर्थ मी धरला होता. हळूहळू लक्षात आलं की भागीदारीत एक जण पाहायला येतो आणि दुसरा दिसतो. आमच्या कॉलेजातले लोक तंजावूरला जाऊन तिथले वर्ग पाहतात, फॉर्म भरतात. तंजावूरचे लोक इथे येऊन आमचे वर्ग पाहतात आणि आभार मानतात. त्यांच्या हातात कुणी फॉर्म देत नाही.

आता मावशीच्या वर्गाबद्दल. अंबुजा मावशी आईची धाकटी बहीण. एका शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊनही तिला पाहिलं की रस्त्यात मोठमोठी माणसं स्कूटरवरून उतरतात. तिने गावातल्या त्या कॉलेजात शनिवारी संध्याकाळी मराठीचा वर्ग सुरू केला. आपल्या लोकांसाठी, ज्यांना कळतं सगळं पण बोलता येत नाही. पोस्टात, बँकेत काम करणारे, नव्याने सासू झालेल्या दोघी, आणि पापनाशमहून बसने येणारा सेतू. सेतूची तिथे स्टेशनजवळ खानावळ आहे. त्याची आई त्याला मराठीत हाक मारते, तो तमिळमध्ये ओ देतो, हे चाळीस ओलांडेपर्यंत चाललं. आईला आता कमी ऐकू येतं. ती पूर्ण बहिरी व्हायच्या आत आपण तिला मराठीत उत्तर दिलेलं तिने ऐकावं, एवढ्यासाठी तो शनिवारी खानावळ मेहुण्यावर टाकून येतो.

मावशीच्या वर्गात पुस्तक नाही. "रागवतां आलें कीं भाषा आली," असं तिचं म्हणणं. दर शनिवारी एक भांडण. नळ कुणी उघडा टाकला, दही कुणी संपवलं, लग्नाला का आला नाहीस. दोन बाजू पाडायच्या आणि जुंपायची. सेतू सुरुवातीला भांडणात 'प्लीज' म्हणायचा. मावशी म्हणाली, प्लीज म्हणून कोण भांडतं रे, तू काय बँकेत कर्ज मागायला आलास? पुढे तो इतका तयार झाला की एका सासूने त्याच्याशी खरोखरच बोलणं टाकलं.

हा वर्ग चालू राहण्यासाठी खोली हवी होती. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्पोकन इंग्लिशच्या बॅचला जागा पुरत नाही. मराठीच्या वर्गाला बाहेरच्या कुठल्या संस्थेची मान्यता मिळाली तर खोली राहील, नाहीतर उन्हाळ्यानंतर ती तिकडे जाईल. आमच्या कॉलेजात घरातून आलेल्या भाषांच्या वर्गांना मान्यता देणारी 'वारसा भाषा' नावाची योजना नुकतीच आली होती. मी कागद जुळवले. महाराष्ट्रातली एक संस्था परीक्षक द्यायला तयार झाली. पाहणीची भेट ठरली. मराठी म्हणून तंजावूरचं काही तरी पहिल्यांदाच या करारात 'दिसणार' होतं, आणि ते दाखवायला मी स्वतः जाणार होते.

भाषा विभागाची प्रमुख हेलन माझ्याबरोबर आली. बाई वाईट नाही, तोच त्रास आहे. वाईट असती तर भांडणं सोपं गेलं असतं. परीक्षक महाराष्ट्रातून चेन्नईमार्गे परस्पर आले, इस्त्रीच्या शर्टातले, मृदू बोलणारे प्राध्यापक. मी पंखे तपासले, प्रोजेक्टरची वायर आणली, हेलनसाठी उकळलेलं पाणी ठेवलं, कुणी कुठे बसायचं ते ठरवलं.

आम्ही खोलीत शिरलो आणि सगळा वर्ग उभा राहिला. मावशी पुढे आली. "वांगो, उक्कारुंगो," या, बसा. तमिळमध्ये. मग हेलनकडे वळून स्वच्छ इंग्रजीत, प्रवास कसा झाला, उकाडा सोसतो का. मग कॉफी. मग सेतूने इंग्रजीत पापनाशम म्हणजे काय ते सांगितलं. मग त्या दोघी सासवांनी हेलनच्या कुडत्याचं तमिळमध्ये कौतुक केलं आणि प्राचार्यांनी त्याचं इंग्रजी केलं. सगळे हसत होते. खोलीत मराठीचा एक शब्द नव्हता.

हेलन वर्गाच्या मधोमध खुर्ची ओढून बसली, मांडीवर फॉर्म. म्हणाली, मी इथे नाहीच असं समजा, तुम्ही आपसात बोला. मावशीचा वर्ग, ज्याचा आवाज शनिवारी खालच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा, तो एकमेकांची तोंडं पाहू लागला. पाहुणीला मधे बसवून तिच्या डोक्यावरून तिला न कळणारं बोलायचं? आमच्यात असं कुणी करत नाही. सेतूने धीर करून मराठीत एक वाक्य टाकलं, लगेच प्राचार्यांसाठी त्याचं तमिळ केलं, मग हेलनसाठी इंग्रजी. दुसरं वाक्य. पुन्हा तमिळ, पुन्हा इंग्रजी. तिसऱ्या वाक्याला त्याने मराठी गाळली, उगाच वेळ का घालवा म्हणून.

परीक्षक मराठी बोलणारे होते, त्यांच्याशी तरी बोलतील असं मला वाटलं. पण ते महाराष्ट्रातून आलेले, प्राध्यापक. त्यांच्यापुढे घरातली मराठी काढणं म्हणजे मळक्या धोतरात लग्नाला जाणं. मावशी त्यांच्याशी कीर्तनातल्यासारखं बोलू लागली, जपून, एकेक शब्द पुसून. त्यांनी विचारलं, "घरी अजून बोलता का हो तुम्ही ही भाषा?" आता आमच्याकडे कुणी कशाचंही कौतुकाने विचारलं तर होय म्हणायची पद्धत नाही. पोराचा पहिला नंबर आला तरी 'काहीतरी करतो' म्हणायचं. घरात दिवसभर दुसरं काही न बोलणारी माझी मावशी मान खाली घालून म्हणाली, "थोडें थोडें. येतें तेवढें."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

मी मधे पडले. हेलनला सांगितलं की हे तुझ्यासाठी गप्प आहेत, तू बाहेर जा, दाराआडून ऐक. ती म्हणाली, दाराआडून ऐकणं नियमात बसत नाही, लोकांची संमती लागते. मी परीक्षकांना सांगितलं. ते समजुतीने हसले आणि म्हणाले, "असतं असं. माणसाला आपल्या भाषेबद्दल ओढ असते." प्राचार्यांनी शाली काढल्या. शाली पांघरून झाल्या, फोटो झाला, आणि पाहुण्यांना मोठं देऊळ दाखवायला गाडी खाली येऊन उभी राहिली.

मी त्यांना गाडीत बसवलं आणि वर परत आले. जिन्यातच आवाज ऐकू आला. वर्ग फुटला होता. कॉफीत पाणी कुणी घातलं यावरून दोघी सासवा मराठीत तुटून पडल्या होत्या. सेतू परीक्षकांची नक्कल करत होता, "असतं असं," आणि पोस्टातला माणूस हसता हसता खोकत होता. मावशी सगळ्यांवर ओरडत होती, "अस्के गप्प बसा, प्राचार्य ऐकतील." अस्के म्हणजे सगळे. कुठल्याही परीक्षकाने उभं राहून ऐकावी अशी मराठी. मी दारात उभी राहिले, माझ्या गळ्यात पाहणीच्या भेटीचं, इंग्लंडच्या कॉलेजचं कार्ड होतं.

आणि ते थांबले. सेतू उठला, माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. "कम, कम. सिट, मॅडम."

मॅडम. सेतूच्या बारशाला मी गेले आहे. तेव्हा तंजावुरात त्याची आई आणि माझी आई एका नळावर पाणी भरायच्या. हेलनवरचा माझा राग मी समजू शकते, परीक्षकांवरचाही, पण त्या खुर्चीचा राग अजून गेला नाही. मी बसले नाही. गाडीच्या मागून रिक्षा केली आणि देवळात जाऊन हेलनला शिखराबद्दल माहिती दिली, कारण माझ्या यादीत पुढचं तेच होतं.

अहवाल आला. सक्रिय बोलणारे आढळले नाहीत; आकलन आहे, वापर नाही; मान्यतेची शिफारस करता येत नाही. शेवटी एक ओळ अशी की समुदायाने पाहुण्यांचं अत्यंत प्रेमाने स्वागत केलं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्या आदबीपायी आम्हाला मुकं ठरवलं, तिच्याबद्दलच आमचं कौतुक करून ठेवलं होतं. मी लेखी विरोध दिला. हेलनने शांतपणे सांगितलं की तिने त्यांना बोलायची पूर्ण संधी दिली होती. दिली होती, खरंच. बोलण्याच्या मधोमध खुर्ची टाकून.

त्या संध्याकाळी मी मावशीला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. तिने आधी मला तीच रीत सांगितली. पाहुणा समोर बसलेला, आपण आपसात बोललो तर त्याला काय वाटेल.

"त्याला काय वाटेल ते त्याला वाटू दे," मी म्हणाले. "त्याला बरं वाटावं म्हणून आपण मेलो, मावशी. कागदावर मेलो. आता खोली जाईल."

मावशी म्हणाली, "तूं जोडा काढून आंत आलीस, पण कार्ड काढलें नाहींस. आम्ही काय करावें?"

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर आपटला. ती चुकीचं बोलली नव्हती, आणि मला त्या वेळी बरोबर बोलणारं माणूस नको होतं.

खोली गेली. मावशीने वर्ग कॉलेजच्या मागच्या टू-व्हीलर शेडमध्ये नेला. प्राचार्यांनी हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली म्हणे, शेडमध्ये उभं राहायला मान्यता लागते का ते लेखी द्या. त्यांनी दिलं नाही. कधी काळी ते तिच्याच शाळेत शिकले होते.

माझ्या विरोधामुळे कॉलेजने एक फेरपाहणी मान्य केली, व्हिडिओवर. शनिवारी हेलन माझ्या शेजारी स्क्रीनपुढे बसली. तिकडे सेतूने फोन एका स्कूटरच्या हँडलला बांधला होता. मी मावशीला काही शिकवलं नव्हतं. आपटलेल्या फोननंतर आमचं बोलणंच नव्हतं. मला वाटलं, आता पुन्हा 'वांगो, उक्कारुंगो'.

मावशीने स्क्रीनला नमस्कार केला, मराठीत म्हणाली, "बस. ऐक." आणि पाठ फिरवली. विषय होता, पाहुण्यांना कॉफी कुणी दिली आणि वर्ग कुणी बुडवला. एक सासू म्हणाली, सेतूने, त्यालाच इंग्रजीची हौस. सेतू म्हणाला, मज काय विचारतां, तुम्ही तिच्या कुडत्याला हात लावून बघत होतां. कुणी काही गाळलं नाही, कुणी कशाचं तमिळ केलं नाही. मागे एक माणूस आपली मोटरसायकल काढायला आला, थबकला. त्यालाही कुणी काही समजावलं नाही. तो आपली गाडी काढून गेला.

हेलन मधेच नम्रपणे म्हणाली, कुणी मला थोडक्यात सांगेल का? सेतूचं तोंड सवयीने उघडलं. मावशीने हात वर करून त्याला थांबवलं.

"सांगायचें नाहीं," ती म्हणाली. "तिज कळत नाहीं, तर कळूं नये. आम्ही इतकीं वर्षें न कळतां बसलोंच कीं नाहीं लोकांत?"

हेलनने माझ्याकडे पाहिलं. तिला भाषांतर देणं हे माझं काम आहे, त्याचा मला पगार मिळतो. मी दिलं नाही. भांडण संपेपर्यंत ती माझ्या शेजारी अवघडून बसली, पेन हातात, फॉर्म कोरा. मला तिची कीव आली नाही.

मान्यता अजून मिळालेली नाही. परीक्षकांचं मत मागवलं आहे, ते म्हणतात ही मराठी प्रमाण नाही. आधी म्हणत होते, नाहीच. आता म्हणतात, आहे पण बरोबर नाही. माझ्या हिशेबी ही प्रगती आहे, पण मी त्यांचे आभार मानणार नाही. वर्ग शेडमध्येच चालतो. सेतूने परवा आईला जेवायला वाढताना मराठीत उत्तर दिलं. तिला नीट ऐकू आलं नाही, तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा, मोठ्याने, खानावळीत बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर दिलं.

मीही शनिवारी त्या वर्गात असते, इथल्या भर दुपारी, माझ्या स्वयंपाकघरातून. मावशी माझी सोलापुरी वळणं काढून टाकते आहे. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. तिने मला भांडणात कायमची हरणारी बाजू दिली आहे, त्यावरून काय ते समजते. गेल्या शनिवारी माझी खालच्या मजल्यावरची शेजारीण डोरीन माझं आलेलं पार्सल द्यायला दार उघडून आत आली. लग्नाला का आली नाहीस, यावरून सेतूशी माझी जुंपली होती. माझी जीभ आपोआप इंग्रजीकडे वळत होती. मी तिला हाताने खुर्ची दाखवली आणि वळले नाही. डोरीन बसली. माझ्या तोंडाकडे, मग फोनमधल्या स्कूटरींकडे पाहत राहिली. तिला वाटलं असेल, तिचंच काही बोलतो आहोत. वाटू दे. ज्या जागी मला पाहुण्यासमोर माझं बोलणं आवरावं लागत नाही ते माझं घर, मग ते तंजावुरातली शेड असो की इथला ओटा. मी सेतूला म्हणाले, तुझ्या लग्नाला मी आले होते, तूच हॉलमध्ये मला ओळखलं नाहीस. आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घेतल्यावरच मी डोरीनकडे वळले.